मास्तरांना विनंती येत नसे

उभ्यानं इंग्रजी वाचलेलं मास्तरांना खपत नसे. पोस्टमननं साधं कार्ड आणून दिलं आणि त्यावर इंग्रजी अक्षर दिसलं, तरी ते आधी खाली बसत. ओट्यावर, पायरीवर, नाहीतर रस्त्याकडेच्या दगडावर. चष्मा पुसत, कार्ड मांडीवर ठेवत आणि मग वाचत. वर्गात कुणी येता येता कागदावर नजर टाकली की ओरडत, "आधी बूड टेक! उभ्यानं इंग्रजी वाचणारा माणूस पळायच्या तयारीत असतो." माझ्याबाबतीत तर ते शंभर टक्के खरं होतं. इंग्रजी दिसलं की मी पळायच्याच तयारीत असे.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत, स्टेशनमास्तर. मनमाडच्या आसपासच्या लहान लहान स्टेशनांवर उभी हयात काढून निवृत्त झाले आणि नाशिकरोडला, माझ्या मावशीच्या कॉलनीत, विहाराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या बांधून राहिले. संध्याकाळी ओट्यावर इंग्रजी शिकवत, पण फक्त नोकरदारांना. "पोरांना मार्क पाहिजेत, ते शाळेत मिळतात. माझ्याकडं ज्याची नोकरी अडलीय त्यानं यावं," असं म्हणत. उंचेपुरे, भुवया दाट, आणि आवाज असा की समोरच्या घरातलं कुत्रंसुद्धा उठून बसे. मावशी पहिल्या दिवशी मला त्यांच्या दारात सोडून, "बघा बाई काय होतंय हिचं ते," म्हणून चक्क सटकली.

माझी नोकरी अडलेलीच होती. सटाण्याजवळच्या खेड्यातून मी बी.ए. झाले, पण इंग्रजीचा पेपर गाइडाच्या जिवावर सुटलेला. सत्तरच्या दशकातले ते शेवटचे दिवस. सातपूरला धडाधड कारखाने उभे राहत होते आणि तिथल्याच एका कारखान्यात पत्रव्यवहाराच्या टेबलावर मी सहा महिन्यांच्या बोलीवर लागले. येणारं पत्र इंग्रजी, जाणारं पत्र इंग्रजी, शिपायाला दिलेली चिठ्ठीसुद्धा इंग्रजी. साहेब मुंबईचे. महिनाभर माझी पत्रं बघून म्हणाले, "दिवाळीपर्यंत सुधारलं तर पर्मनंट करतो. नाहीतर, बाई, सॉरी." नोकरी गेली की गावी परत जायचं, आणि गावी देवळ्याचं एक स्थळ माझी वाटच बघत होतं. कांद्याचे व्यापारी, घर भरलेलं, पण सुनेनं घराबाहेर काम करायचं नाही हे त्यांनी आधीच बजावलेलं. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मनातून होकार देऊनही टाकला होता. फक्त माझी नोकरी मध्ये उभी होती.

पहिल्या संध्याकाळी मास्तरांनी रेल्वेच्या नियमांतला एक उतारा काढून दिला. मी बसून, गळा साफ करून, झरझर वाचून दाखवला. उच्चार बरे जमले म्हणून मनात थोडी फुगलेच होते.

"वाचलंस?"

"हो."

"कळलं?"

"हो."

"मग घाबरली का नाहीस?"

मास्तर पुढं झुकले. "फाटक लावल्याचं कुणी कळवायचं?"

"स्टेशनमास्तरनं," मी ठोकून दिलं.

"गेली बैलगाडी," मास्तर म्हणाले. "दोन बायका होत्या तीत. एकीच्या मांडीवर लेकरू. फाटकवाला कळवणार होता, तू त्याला विचारलंच नाहीस, आणि सिग्नल देऊन मोकळी झालीस. वाच परत."

अगं बाई! तो उतारा मी त्यानंतर असा वाचला, की एकेक शब्द उचलून खाली बघत होते, चुकून कुणी चिरडलं तर नाही ना. मास्तरांची शिकवण्याची तऱ्हा हीच. त्यांच्या मते ज्याला वाचताना भीती वाटत नाही, त्याला वाचता येत नाही. "माझ्या स्टेशनात एकही अपघात झाला नाही. मी हुशार होतो म्हणून नाही. मी रोज भ्यालो म्हणून," असं ते सांगत, आणि ते सांगताना त्यांचे डोळे खरोखरच भ्यालेले दिसत.

रेल्वेत दोन स्टेशनांमध्ये फोनवर निरोप गेला, की ऐकणाऱ्यानं तो परत म्हणून दाखवायचा. त्याशिवाय गाडी सुटत नाही. मास्तरांनी हाच कायदा आमच्या वर्गाला लावला होता. पुढचं स्टेशन म्हणजे माई, त्यांची बायको. उतारा वाचायचा, कागद पालथा घालायचा, उठून स्वयंपाकघराच्या दारात जायचं आणि माईला मराठीत सांगायचं की कुणी, कुणाला, काय करायला सांगितलंय. माईला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. ती भाकरी थापता थापता ऐकून घेई आणि विचारी, "मंग मी काय करू?" या एका प्रश्नानं भल्याभल्यांची बोबडी वळे. विम्याचा फॉर्म असो की कंपनीचं सर्क्युलर, सांगून झाल्यावर माई "मंग मी काय करू?" म्हणाली, की समजायचं आपल्याला कळलेलं नाही. निमूट ओट्यावर परत. ज्या दिवशी माई पहिल्यांदा म्हणाली, "आसं हाय व्हय! मंग सही करत नाय मी," त्या दिवशी मी घरी जाऊन मावशीला मिठीच मारली.

लिहिण्याचं प्रकरण याहून अवघड. मास्तरांची लाल पेन्सिल काही ठरावीक शब्दांवर तुटून पडे. नम्रपणे, कृपा करून, आपला आज्ञाधारक, ही सगळी मंडळी पहिल्या झटक्यात हद्दपार. आणि त्या काळी प्रत्येक इंग्रजी अर्जाची सुरुवात ज्या 'आय बेग टु स्टेट'नं होई, ते दिसलं की मास्तर कागदच परत फेकत. "भीक मागायला आलास का? आपण कळवायचं. काय झालं, काय पाहिजे, कधी पाहिजे. संपलं."

यामागचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं. त्यांचे वडील रेल्वेच्या लाइनीवर गँगमन होते. नोकरीसाठी त्यांनी कुणाकडून तरी इंग्रजी अर्ज लिहवून घेतला होता आणि खाली अंगठा उठवला होता. मास्तर मॅट्रिकला गेले तेव्हा वडिलांनी मोठ्या कौतुकानं त्या अर्जाची जपून ठेवलेली नक्कल वाचायला दिली. त्यात लिहिलं होतं, मी आपला गुलाम आहे, आपल्या बुटांची धूळ आहे, माझी बायकापोरं आपल्या उष्ट्यावर जगतील. वडील समोर बसून विचारत होते, काय लिहिलंय रे? मास्तरांनी मराठीत सांगितलं, एकेक वाक्य. वडील उठून कामावर निघून गेले. "त्यानंतर मी कुणाला अर्ज केला नाही. बदलीसाठी नाही, बढतीसाठी नाही, क्वार्टरसाठी नाही," मास्तर म्हणाले. आतून माई म्हणाली, "आन् आम्ही बसलो गळक्या खोलीत."

या शिकवणीचा पहिला फटका सोनवण्याला बसला. सोनवणे आमच्या वर्गातला फिटर. त्यानं रजेचा अर्ज मास्तरी पद्धतीनं लिहिला: सोमवारी मी येणार नाही, बहिणीचं लग्न आहे, मंगळवारी येईन. फोरमननं तो सगळ्या कामगारांसमोर वाचून दाखवला आणि सोनवण्याला विचारलं, "कारखाना तुझ्या आजोबांचा का रे?" आम्ही पोट धरून हसलो. मास्तर हसले नाहीत. "न कळण्यासारखं काय होतं त्यात?" एवढंच विचारत राहिले. तेव्हाच मला शहाणपण सुचायला हवं होतं. पण मी नवशिकी, आणि माझी पत्रं तोवर इतकी सरळसोट झाली होती की साहेबांनी दोन-चार वेळा काही न बोलता सही केली होती. न बोलता सही, म्हणजे माझ्या लेखी स्वर्गच.

दिवाळी तोंडावर आली होती. आमचं एक जुनं गिऱ्हाईक होतं मुंबईचं, कंपनीच्या सुरुवातीपासूनचं. त्यांच्याकडून एका कामाचे नकाशे, म्हणजे ड्रॉइंग्ज, यायचे राहिले होते आणि मशीन रिकामं उभं होतं. साहेब पुण्याला निघाले होते. जाता जाता म्हणाले, "त्यांना एक पत्र टाका नकाशांसाठी. माझ्या वतीनं सही करून पाठवा." मी बसले, नीट घाबरले, विचार केला आणि लिहिलं. इंग्रजीत होतं ते मराठीत सांगायचं तर असं: नकाशे शनिवारच्या आत पाठवा. ते येईपर्यंत तुमचं काम बंद आहे. पत्र मिळाल्याचं कळवा. पुन्हा वाचलं. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. माईला सांगितलं असतं तर तीसुद्धा उठून नकाशे शोधायला लागली असती. मी खुशीत पाकीट चिकटवलं.

साहेब परतले त्याच दिवशी मुंबईहून ट्रंक कॉल आला. गिऱ्हाइकाचे थोरले मालक स्वतः बोलत होते. केबिनच्या काचेतून मला साहेबांचा चेहरा दिसत होता आणि तो बघता बघता उतरत गेला. मग बेल वाजली.

"हे पत्र आहे की लष्करी हुकूम?" साहेबांनी पत्राची नक्कल माझ्यापुढं आपटली. "दहा वर्षं त्यांच्यापुढं मान खाली घालून बोलतो मी! ते विचारतायत, तुमच्याकडं आम्हाला दरडावायला कोण नवीन आलंय?"

मग साहेबांनी आवाज खाली आणला, तेच जास्त वाईट होतं. "सोमवारी सांगतो तुमचं काय करायचं ते," म्हणाले आणि फाइलमध्ये तोंड घातलं. घरी येताना बसमध्ये मला देवळ्याचं ते घर दिसायला लागलं. ओसरीवर कांद्याचे ढीग, आणि आत मी.

संध्याकाळी मास्तरांना सगळं सांगितलं. त्यांनी नक्कल मांडीवर घेतली. वाचली, पुन्हा वाचली, आणखी एकदा वाचली. पेन्सिल हातात होती, ती कागदाला टेकलीच नाही. मला वाटलं, आता साहेबांना शिव्या घालतील, म्हणतील, न कळण्यासारखं काय आहे यात. पण मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

"बरोबर लिहिलंयस," ते हळू आवाजात म्हणाले. "मी शिकवलं तसंच. जा घरी."

सोमवारी दहाच्या सुमाराला वॉचमन टेबलापाशी आला. "बाई, गेटवर तुमचे वडील आलेत. साहेबांना भेटायचं म्हणतात." दादा मला न्यायला आले की काय! धावत गेटवर गेले तर मास्तर. ऑक्टोबरच्या त्या उन्हात स्टेशनमास्तरचा काळा कोट घालून, सगळी बटणं लावून उभे. कोट अंगाला सैल झाला होता आणि कॉलर घामानं भिजली होती.

"मास्तर, तुम्ही इथं कशाला? मी तुमच्या पाया पडते, परत जा. ते आणखी चिडतील."

"तू चल पुढं," मास्तर म्हणाले.

केबिनमध्ये साहेबांनी त्यांना बसायला सांगितलं. मास्तर बसले नाहीत. "पत्र हिनं लिहिलं, पण वळण माझं आहे," ते उभ्यानंच म्हणाले. "मी हिला शिकवतो. मी रिटायर्ड स्टेशनमास्तर."

साहेबांना हसू फुटलं. "तरीच! मी म्हटलं, पत्र वाचताना मला गाडीची शिट्टी का ऐकू येतेय!" मास्तर हसले नाहीत. साहेबांनी हसू आवरलं. "बरं. मग आता तुमचं म्हणणं काय?"

साधा प्रश्न होता. हिला ठेवा, एवढंच म्हणायचं होतं. कुणीही म्हणालं असतं. मास्तरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. परत उघडलं. शब्द काही आला नाही. डोक्यावर पंखा करकरत होता. मी माझ्या पायांकडं बघत होते आणि मनात म्हणत होते, म्हणा ना मास्तर, एकदा म्हणून टाका. आणि लगेच उलटं वाटत होतं, नका, माझ्यासाठी नका म्हणू. आयुष्यात मी पुष्कळ घाबरले, पण त्या मिनिटाला जितकी घाबरले तितकी कधीच नाही, आणि ती भीती नोकरीची नव्हती.

"साहेब," शेवटी मास्तर बोलले, "मला विनंती करता येत नाही. मी ती शिकलोच नाही, म्हणून हिलाही शिकवता आली नाही. मला जे येतं ते हिला सगळं येतं. राहिलेलं ती दुसऱ्या कुणाकडं शिकेल. माझ्या वर्गातून मी हिचं नाव काढतो."

साहेबांनी ती नक्कल ओढून परत एकदा वाचली. "कळतं सगळं," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "कळतं म्हणूनच त्यांना लागलं." मग माझ्याकडं वळले. "आणखी तीन महिने बघू. चांगला क्लास लावा." मास्तरांनी मान हलवली आणि आभार न मानता बाहेर पडले.

मी त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडायला गेले. ते भराभर चालत होते आणि मी मागून पळत होते. "नाशिक गावात टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये एक सर पत्रव्यवहार शिकवतात. उद्यापासून तिथं जा," ते म्हणाले.

"आणि तुमच्याकडं?"

"माझ्याकडं चहाला यायचं. वर्गाला नाही."

"मास्तर, मला भीती वाटते हो. तुमच्याशिवाय नाही जमायचं."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. "मलाही वाटते," एवढं म्हणून ते बसमध्ये चढले.

टायपिंगवाल्या सरांनी मला गोड बोलायला शिकवलं. 'काइंडली' कुठं घालायचं, 'रिग्रेट' कधी म्हणायचं, नकार देताना आधी आभार कसे मानायचे. तीन महिन्यांनी मी पर्मनंट झाले. दादांनी देवळ्याच्या स्थळाला नकार कळवला, आणि नंतर माझं लग्न झालं ते मला नोकरी करू देणाऱ्या घरात. पुढं कितीतरी वर्षं त्या कारखान्याची सगळी महत्त्वाची पत्रं माझ्या टेबलावरून गेली. गिऱ्हाइकं म्हणत, तुमच्याकडची पत्रं फार नम्र असतात हो, आणि लगेच कळतात. नम्रपणा सरांचा होता. लगेच कळणं कुणाचं होतं, हे मी प्रत्येकाला सांगत सुटायची. मास्तरांकडं चहाला जाई. ते माझ्या पत्रांबद्दल कधी विचारत नसत. मीही दाखवत नसे. सातपूरच्या त्या दिवसाचं तर आमच्यात नावच निघालं नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मास्तर गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास न देता. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला कॉलनी लोटली होती. सोनवणे फोरमन झाला होता, तो ढसाढसा रडला. मी माईजवळ जाऊन बसले. तिनं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग आजूबाजूला बघून, आवाज बारीक करून म्हणाली, "कुसुम, एक विचारू का गं? त्या दिवशी तुझ्या साहेबाकडं गेले होते बघ कोट घालून. सकाळपासून पाठ करत होते. दाढी करताना, चहा पिताना. 'साहेब, माझी आपल्याला विनंती आहे, या मुलीला ठेवून घ्या.' मला म्हणायचे, बघ गं, बरं वाटतं का ऐकायला? मी म्हणायची, आवाज जरा बारीक करा, हुकूम सोडल्यावानी वाटतंय. मंग परत म्हणायचे. लय येळा म्हणून दाखवलं मला." ती थांबली. "घरी आले तर बोलेचनात. मी किती येळा विचारलं, सांगितलंच नाय कधी. तिथं म्हणाले का गं ते?"

समोर फोटोत मास्तर काळ्या कोटात बसले होते. माई माझ्या तोंडाकडं बघत होती.

"म्हणाले, माई," मी सांगितलं. "अगदी जसंच्या तसं म्हणाले."

"आवाज बारीक केला?"

"हो."

"चला," माई म्हणाली, "एकदा तरी जमलं म्हणायचं त्यांना." आणि तिथंच, एवढ्या माणसांत, पदर तोंडाला लावून ती हसली.